दुसरी हाक

त्या माणसानं एकदाच हाक मारली. दोनदा मारायला हवी होती. सात वर्षं मी हेच सांगत आले. घरात सांगितलं, कामाला येणाऱ्या बायकांना सांगितलं, नात्यातल्या दोन लग्नांत पंगतीत बसून सांगितलं. नवरा तर म्हणायचा, "हाकेचं सुरू झालं काय? मग मी जरा फिरून येतो."

राजाजीनगरात माझा चटणीचा धंदा आहे. आम्ही निपाणीकडचे. आमच्याकडे चटणी म्हणजे ओली नव्हे, कांदा-लसूण घालून कांडलेली लाल मिरची. लग्न होऊन बेंगळुरात आले तेव्हा नवरा यशवंतपूरच्या एका कारखान्यात होता आणि मला ओट्याएवढं स्वयंपाकघर होतं. दोन किलोपासून सुरू केलं. उत्तर कर्नाटकातल्या लोकांच्या खानावळींत जाऊन मी स्वतः पुड्या दिल्या, आणि हाकलून दिलं तिथं दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आज मिरची कांडायची दोन यंत्रं आहेत, सहा बायका आहेत, एक गाडी आहे. यातलं काही कोणी हातावर ठेवलेलं नाही.

यशवंतपूरच्या बाजारात मिरची घ्यायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं मला सगळ्यांनी फसवलं. वरती लाल, पोत्यात खाली पांढरी पडलेली. मग मी शिकले. माल आवडला तरी तोंड वाकडं करायचं. भाव सांगितला की हसायचं. आणि शेवटचं हत्यार म्हणजे पाठ फिरवायची. पाठ फिरवल्यावर घाईनं चालायचं नाही, सात पावलं मोजायची. तेवढ्यात मागून "अक्का!" येतं. त्या पहिल्या हाकेला वळायचं नाही. पहिल्या हाकेला वळणाऱ्या बाईला गरज असते, हे विकणाऱ्याला कळतं. दुसऱ्या हाकेला वळायचं. तोवर त्यानं भाव मनात खाली आणलेला असतो.

या एका रीतीवर माझं घर उभं राहिलं. म्हणून तिच्यावर माझा विश्वास होता.

मुलगा नऊ वर्षांचा असताना गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि हा तिथंच चेंडू लाथाडत होता. एक लाथ अशी बसली की एक अख्खी ताडपत्री उलटली आणि निम्मी मिरची खालच्या गटारात गेली. मी त्याला बडवलं. आणि त्याच शनिवारी हेब्बाळच्या मैदानावर नेलं, तिथं फुटबॉल शिकवतात असं ऐकलं होतं. मुलाचा गुण बघून नेलं असं लोक सांगतात तसं मी सांगणार नाही. मला गच्ची वाचवायची होती.

शिकवणारा माणूस उंच, वाळका, हळू बोलणारा. त्यानं फी सांगितली. मी हसले. मग मी निम्मी सांगितली, तर तो हसला. मी मुलाचा हात धरला आणि पाठ फिरवली. फाटकापर्यंत सात पावलं झाली.

"अम्मा!"

मी चालत राहिले.

"अम्मा, बन्नी! या, या!"

वळले. सौदा असा ठरला की फी निम्मी, आणि त्याच्या बदल्यात आमच्या बाजूची पाच पोरं मी दर शनिवार-रविवार सकाळी माझ्या गाडीतून आणायची आणि परत सोडायची. त्याला वाटलं त्यानं जिंकलं, मला वाटलं मी जिंकले. चांगला सौदा असाच असतो.

गाडी म्हणजे मालाची पांढरी व्हॅन. मागची बाकडी मी काढून टाकलेली, पोती ठेवायला. पोरं त्या रिकाम्या पोत्यांच्या थप्प्यांवर बसायची. कितीही झाडली तरी त्या गाडीत मिरची असायचीच. दार उघडलं की नवा माणूस तीनदा शिंकतो. पोरांनी त्याचाच खेळ केला. यशवंतपूरचा पूल सुरू झाला की हेब्बाळचं तळं दिसेपर्यंत शिंक दाबायची. जो शिंकेल त्यानं सगळ्यांचे बूट मैदानापर्यंत उचलायचे. सहा पोरं नाक धरून, डोळ्यांतून पाणी काढत, लालबुंद होऊन बसायची आणि मग एकाला फुटलं की सगळ्यांना फुटायचं. आरशातून बघताना मला गाडी चालवणं कठीण व्हायचं.

एक कन्नड, दोन तमिळ, एक हिंदीवाला, एक तेलुगू, आणि आमचा. चष्मेवाला एक होता, तो रस्त्यावरच्या रिक्षांचीसुद्धा कॉमेंटरी करायचा, तीन भाषांत. आणि मी रागावून जे ओरडायचे ते त्या सगळ्यांनी पाठ केलं होतं. एकदा मी मैदानाच्या कडेला उभी होते आणि समोरच्या संघाच्या उंच पोरावर आमची सहाच्या सहा पोरं एका सुरात ओरडली, "गप बसा रे मेल्यांनो!" शिकवणाऱ्यानं माझ्याकडे वळून बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

खेळ झाला की वाटेत एका गाड्यावर तट्टे इडली. ताटलीएवढी एकेक इडली, वर लोण्याचा गोळा. गाडेवाला लांबूनच माझी गाडी ओळखायचा आणि नाकाला फडकं लावून उभा राहायचा, पोरांना हसवायला.

चार वर्षं अशी गेली. मी आयुष्यात खूप घाई केली आहे, पण ती चार वर्षं कधी संपावीत असं मला वाटलं नाही.

पोरं तेरा-चौदाची झाली तशी मैदानाच्या फाटकावर यादी लागायला लागली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक कागद. वर पहिला संघ, खाली दुसरा. आता बाहेरच्या संघांशी सामने होते, निवड होती, कुठून कुठून माणसं वही घेऊन बघायला यायची. मला ते सगळं आवडलं. भाव लागल्याशिवाय मालाची किंमत कळत नाही, असं मी पोरांना सांगितलंसुद्धा. त्या दिवशी गाडीत कोणी शिंकेचा खेळ खेळलं नाही. बहुतेक विसरले असतील, असं मला वाटलं.

पहिला गेला चष्मेवाला. दहावीची शिकवणी, वडिलांनी बंद केलं. मग एक तमिळ पोर, सलग तीन महिने नाव खालच्या यादीत. तिसऱ्या महिन्यात त्यानं कागद वाचलाच नाही, सरळ येऊन गाडीत बसला आणि पुढच्या शनिवारी घरातून खाली आलाच नाही. एकाचा गुडघा. एकाला वडिलांनी दुसऱ्या, भारी मैदानावर घातलं. राहिला आमच्याचा जिवलग, तेलुगू. तो तर पहिल्या संघात होता, त्याला काय झालं? मी त्याच्या इमारतीखाली हॉर्न वाजवला, तो रात्रीच्या कपड्यांत बाल्कनीत आला.

"आंटी, आज नाही."

पुढच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी मी ओरडून विचारलं, "अरे, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे आंटी. झोपतो."

"पहिल्या संघातलं पोर झोपतं होय?"

"आंटी, रविवारी चूक झाली तर सोमवार ते शनिवार पोटात दुखतं," तो म्हणाला. "आता नाही दुखत."

मी काच वर केली. मुलाला म्हटलं, "बरं झालं. एक जागा मोकळी झाली."

तो मागचं दार उघडून उतरला आणि पुढच्या सीटवर येऊन बसला. मागं बसायला कोणी उरलं नव्हतं.

ते एक वर्ष मात्र माझं होतं. पुढच्या सीटवर तो आणि मी. मी त्याला बाजार शिकवला. मिरची चोळून बघायची, देठ मोडून आवाज ऐकायचा. कोणत्या खानावळवाल्याला लोभ आहे आणि कोणाला भीती, ते कसं ओळखायचं. मी निपाणीतलं माझं बालपण सांगितलं, जे मी त्याच्या बापालाही कधी सांगितलं नव्हतं. मी आठवीनंतर शाळा का सोडली तेही. तो ऐकायचा. मध्येच विचारायचा. इडली खाताना लोणी माझ्या इडलीवर सरकवायचा, मला आवडतं म्हणून. सामना कसा झाला, हे आमच्या बोलण्यात कधी कधी यायचंच नाही. आता आठवतं तसं, बहुतेकदा यायचं नाही.

तो पंधरा वर्षांचा झाला त्या साली शिकवणाऱ्यानं दुसरीकडून एक नवा पोर आणला. आमचा बाकावर. एक रविवार झाला, दोन झाले, तीन झाले. चौथ्या आठवड्यात शनिवारचा सराव चालू असताना मी मैदानात शिरले. सगळी पोरं होती, त्यांचे आईबाप होते.

"उद्या माझा मुलगा सुरुवातीपासून खेळणार की नाही?"

"अम्मा, स्वल्प थांबा," तो त्याच्या हळू आवाजात म्हणाला. "त्याचं लक्ष नाही सध्या. बसून बघू दे. मी त्याला टाकलेलं नाही."

"सहा वर्षं मी पोरं वाहून आणली तुमची. इतक्या वर्षांत माल खराब निघाला काय?"

"पोरगा म्हणजे माल नाही, अम्मा."

हे त्यानं मला सगळ्यांसमोर शिकवावं? मला? माझं डोकं गेलं.

"सुरुवातीपासून, नाहीतर आम्ही जातो."

"सुरुवातीपासून नाही."

"बॅग उचल रे," मी म्हटलं.

मुलानं बॅग उचलली. मी त्याचं मनगट धरलं आणि पाठ फिरवली. तेच मैदान, तेच फाटक. एक, दोन, तीन. मला खात्री होती. सहाव्या पावलाला मी गाडीच्या किल्ल्या खाली पाडल्या, म्हणजे उचलायला वेळ मिळेल. मागून हाक आली.

"अम्मा!"

"वळू नको," मी मुलाला दबक्या आवाजात म्हटलं.

मी वाकले. किल्ल्या उचलल्या. पदरानं पुसल्या, जशा काही चांदीच्या होत्या. फाटकाची कडी काढली, ती काढता येत नाही असं दाखवून आणखी थोडा वेळ लावला. मग मागून शिट्टी वाजली. सराव पुन्हा सुरू झाला होता.

घरी आल्यावर दिसलं की मुलाच्या अंगावर त्यांचं पिवळं बिब तसंच आहे. सरावाला कपड्यांवरून चढवतात ते बिनबाह्यांचं. मला इतका आनंद झाला! त्यांची वस्तू आपल्याकडे आहे म्हणजे सौदा तुटलेला नाही. मी ते धुतलं, इस्त्री केलं आणि कपाटात माझ्या साड्यांवर ठेवलं.

"आई, परत देऊन येऊ का?" मुलानं चार दिवसांनी विचारलं.

"त्यांना हवं असेल तर फोन करतील."

"एक बिब आहे ग ते."

"जो आधी जातो तो हरतो. बस गप."

चार शनिवार मी पहाटे उठले, तयार होऊन बसले, फोन समोर ठेवून. नवरा म्हणाला, "तुला बोलावणार आहेत की त्याला?" मी त्याच्यावर ओरडले. पाचव्या शनिवारी कपाट उघडलं तर बिब नव्हतं. मुलगा दुपारी बसनं परत आला. घामेजलेला.

"दिलं," तो म्हणाला. "आणि सांगून आलो, मी आता खेळणार नाही."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सहा बायका काम थांबवून ऐकत होत्या. शेवटी मी म्हटलं, "त्यानं दुसरी हाक मारली असती तर आज तू खेळत असतास."

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. मग कन्नडात बरं म्हणतात तसं "सरी, आई," म्हणाला आणि आंघोळीला गेला.

त्यानंतर शनिवार-रविवार गाडी दारात उभी राहायची. इडलीच्या गाड्यावर एकटीनं जाऊन खाण्यात अर्थ नव्हता. मुलाचा अभ्यास वाढला, कॉलेज आलं, मित्र आले. घरात आम्ही बोलायचो ते वीजबिल, जेवण, किती वाजता येणार, एवढंच. आणि जेव्हा जेव्हा ते जाणवायचं तेव्हा मी त्या वाळक्या माणसाला शिव्या द्यायचे. एक हाक. एक हाक जास्त मारली असती तर त्याच्या बापाचं काय गेलं असतं?

गेल्या महिन्यात मुलाला पुण्यात नोकरी लागली. गाडी यशवंतपूर स्टेशनवरून. मी म्हटलं, रिक्षा नको, मी सोडते. नवऱ्यानं घरीच निरोप घेतला, त्याला स्टेशनवर रडू येतं. मुलगा पुढच्या सीटवर बसला, गुडघे आता समोर टेकत होते. पूल सुरू झाला आणि तो नाक धरून बसला. मी बघितलं. मीही धरलं, एका हातानं. पुलाच्या मध्यावर तो शिंकला.

"बूट उचल," मी म्हटलं.

हसता हसता तो थांबला. "आई, एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"चिडणार. सांग."

"ती हाक तुला थांबवायला नव्हती."

मी गाडी कडेला घेतली.

"मी वळून बघितलं होतं," तो म्हणाला. "सर छातीवर हात आपटून दाखवत होते. बिब, बिब. मी लांबूनच खूण केली, नंतर आणून देतो म्हणून. म्हणून त्यांनी पुन्हा हाक मारली नाही."

मनगट माझ्या हातात होतं. मान नव्हती.

"मग बिब द्यायला गेलास तेव्हा?"

"तेव्हा विचारलं त्यांनी. ये म्हणाले. मी नको म्हटलं."

"का पण?"

तो समोरच्या काचेवर बोटानं रेघ ओढत होता. मिरचीची लाल धूळ अजून तिथं बसते. "आपली गाडी रिकामी झाली ना, तेव्हाच माझं संपलं होतं. आधी सहाजण जायचो आणि मध्ये फुटबॉल असायचा. नंतर नुसता फुटबॉलच राहिला. आणि ती यादी."

"त्यानंतर वर्षभर आलास की!"

"तू यायचीस म्हणून."

"मी? मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी तुझ्यासाठी पहाटे उठत होते."

"घरी तू ओरडतेस, आई," तो म्हणाला. "गाडीत बोलायचीस."

मागून बसवाला हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतून डोकं काढून त्याला चार शब्द सुनावले आणि गाडी सुरू केली. पुढं स्टेशनपर्यंत मला चिडायचं होतं, पण कोणावर चिडायचं ते ठरेना. पहिला संघ, सुरुवातीपासून, सगळ्यांसमोर, हे मी फुटबॉलसाठी भांडले असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटत होतं. आणि मी भांडले नसते तर तो अजून काही शनिवार माझ्या शेजारी बसला असता, खेळायचं नसतानाही. माझ्या हातानं मी ते फाटक उघडलं.

तरी माझं म्हणणं आहे की त्या माणसानं तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं, बिब राहिलं म्हणून. नुसतं "अम्मा" काय?

प्लॅटफॉर्मवर गर्दी होती. चटणीचे दोन डबे मी त्याच्या बॅगेत खाली घातले होते, वर कपडे, म्हणजे रेल्वेतल्या लोकांना शिंका येणार नाहीत. तो माझ्या पाया पडला. मी म्हटलं, "पुण्यात घर बघशील तर भाडं सांगितलं की हस. मग पाठ फिरव."

"सात पावलं."

"आणि पहिल्या हाकेला?"

"वळायचं नाही. माहीत आहे."

तो चालायला लागला. खांद्यावर बॅग, मागून अगदी लहानपणी बूट उचलून चालायचा तसा. मी मोजत नव्हते, पण मोजणं होतंच. चार. पाच. मी हाक मारली. मोठ्यानं, भर प्लॅटफॉर्मवर, पाच-दहा माणसांनी बघितलं.

तो पहिल्याच हाकेला वळला. इतकं शिकवून.

"काय राहिलं?" त्यानं तिथूनच विचारलं.

काही राहिलं नव्हतं. डबे दिले होते, पाणी दिलं होतं, चार्जर त्याच्या खिशात होता.

"इकडे ये," मी म्हटलं, आणि तो बॅग सांभाळत, माणसं चुकवत परत आला.